घुमट फिरू नये म्हणून

थोरलीचा फोन आला तेव्हा धाकटीने तो उचललाच नाही.

मोबाईलवर ‘जाऊबाई’ अशी अक्षरं उमटली, फोन टेबलावर थरथरत थोडा पुढे सरकला आणि गप्प झाला. धाकटीने तो पालथा घातला. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच वेधशाळेत नोकरीला होत्या, आणि गेले कित्येक दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. अगदीच अबोला होता असंही नाही. “साबण संपलाय,” असं थोरली भिंतीला सांगायची. “आणून ठेवलाय,” असं धाकटी खिडकीला सांगायची. मधल्या मधे दोघे भाऊ, म्हणजे दोघींचे नवरे, निरोप पोचवून पोचवून टेकीला आले होते.

कारण साधं होतं, म्हणूनच चिघळलं होतं. धाकटीने आणि तिच्या नवऱ्याने वेगळं राहायचं ठरवलं, दोन गल्ल्या सोडून घरही बघितलं. थोरलीच्या कानावर कधी आणि कसं घालावं याचा विचार चाललेला असतानाच त्या नव्या घरमालकिणीने दुकानात थोरलीला गाठून सगळं सांगून टाकलं. “वेगळे व्हा की. माझी ना कधी होती? पण मला परक्या बाईच्या तोंडून कळावं?” एवढंच थोरली म्हणाली आणि तिने तोंडाला कुलूप घातलं.

फोन पुन्हा वाजला. लागोपाठ दोनदा फोन करायचा थोरलीचा स्वभाव नव्हता. धाकटीने उचलला.

“बोला.”

पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला, तोही दातांतून काढल्यासारखा.

“माझा पाय अडकलाय,” थोरली म्हणाली. “घुमटाच्या दातेरी कड्यात. मधे बोलू नकोस, नीट ऐक. खाली वारा किती दाखवतोय?”

धाकटीने समोरच्या भिंतीवरच्या आकड्याकडे पाहिलं. वेधशाळेचं कार्यालय डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि दुर्बीण माथ्यावर. माथ्यावरच्या वाऱ्याचा वेग वेगळ्या वायरने खाली यायचा आणि सगळ्यांना दिसेल असा टांगलेला असायचा.

“एकतीस. वहिनी, झालं काय?”

झालं होतं ते असं. घुमटाची देखभाल हे थोरलीचं काम. यंत्रांची ती अभियंता. दुर्बिणीवरचं ते गोल छप्पर भिंतीच्या माथ्यावर, स्वतःला जोडलेल्या एका भल्या मोठ्या दातेरी लोखंडी कड्यासकट फिरायचं, आणि छपराच्या मधोमध दोन उंच झडपा होत्या. त्या उघडल्या की दुर्बिणीला आभाळ दिसायचं. आज दिवसाउजेडी झडपा उघड्या ठेवून थोरली कड्याला ग्रीस लावत होती. त्यासाठी भिंतीला लागून असलेल्या लोखंडी जाळीच्या अरुंद सज्जावर चढायचं, हातातल्या बटणांच्या डब्याने घुमट थोडा फिरवायचा, ग्रीस लावायचं, पुन्हा थोडा फिरवायचा. एक बेअरिंग कमी पडलं म्हणून तिने ड्रायव्हरकाकांना गाडी घेऊन खाली पाठवलं होतं. ग्रीसवरून पाय सटकला, सज्जाच्या आणि कड्याच्या फटीतून खाली गेला आणि घोट्याशी दात्यांत घट्ट बसला. हातातला डबा सुटला. त्याची वायर खालच्या खांबाला जोडलेली, त्यामुळे तो दोन पुरुष उंचीएवढा खाली जमिनीवर जाऊन पडला. थांबवण्याचं लाल बटणही त्याच्यावरच होतं.

“काकांना लावला फोन,” थोरली म्हणाली. “निघालेत. पण घाट चढायला त्यांना वेळ लागणार. आणि पश्चिमेकडून काळं येतंय. इथून दिसतंय मला, उघड्या झडपांतून.”

घुमटाचा कारभार कसा चालतो ते तिला पाठ होतं, कारण तो चालवणारा संगणक तिच्या ताब्यात होता. वाऱ्याने पंचेचाळीसचा आकडा ओलांडला की प्रोग्राम कुणालाही न विचारता घुमट बंद करायचा. पण झडपांना वीज मिळायची ती एकाच ठिकाणी, त्यामुळे आधी अख्खा घुमट त्या ठिकाणापर्यंत फिरून जायचा.

“कुठल्या बाजूला फिरेल?” तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, तरी विचारलं.

“उजवीकडे. मोटरच्या चाकाकडे. माझ्या पायापासून ते चाक हातभर आहे.”

“पण तुम्ही डब्यावर काम करत होतात ना? मग ऑटोमॅटिक बंद असेल.”

“डब्याचं बटण काही वेळ दाबलं नाही की प्रोग्रामला वाटतं, बाईंचं काम झालं. कारभार परत त्याच्याकडे.” थोरलीने मान वळवली. “दारावरचा पिवळा दिवा विझलाय. म्हणजे गेलाच त्याच्याकडे. तो ऑटोमॅटिक बंद कर बाई. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.”

फोन कानाला तसाच धरून धाकटी खुर्चीत बसली.

रिमोट डेस्कटॉप म्हणजे तिच्या रोजच्या कामाची गोष्ट. वरच्या संगणकाचा पडदा खालच्या पडद्यावर बघायचा आणि इथला माउस हलवला की तिथला हलायचा. तिने जोडणी केली. पडदा आला, पण काळाकुट्ट. मधोमध एक छोटी फुली, माउसबरोबर हलणारी. बाकी काही नाही.

असं कधीमधी व्हायचं. त्यावरचा उपायही ठरलेला होता. वरची डेस्कटॉपची सगळी यंत्रणा एकदा बंद करून पुन्हा चालू करायची. तेवढ्यात टेबलावरचा कार्यालयाचा फोन वाजला. वेधशाळेचे प्रमुख, म्हणजे साहेब, परगावी बैठकीला गेले होते. ड्रायव्हरकाकांनी त्यांनाही कळवलं होतं. धाकटीने तो आणि मोबाईल, दोन्ही स्पीकरवर टाकले.

“स्क्रीन दिसतेय का?” साहेबांनी पहिलंच विचारलं.

“काळी येतेय, सर.”

“मग रीस्टार्ट करा ना! वाट कसली बघताय?”

धाकटीचं बोट कीबोर्डवर होतं. कमांड अर्धी टाइप झालेली होती. तिने बोट मागे घेतलं.

“नाही करता येणार, सर. घुमटाचा प्रोग्राम त्याच डेस्कटॉपवर चालतोय. डेस्कटॉप बंद केला की तोही मरेल.”

“मरू दे की. प्रोग्रामच नसेल तर घुमट फिरवणार कोण?”

“घुमट स्वतः,” मोबाईलमधून थोरलीचा आवाज आला. तिला सगळं ऐकू जात होतं. “प्रोग्रामकडून खबर आली नाही की घुमटाचं स्वतःचं यंत्र समजतं, काहीतरी बिघडलं. मग तेच घुमट फिरवून बंद करतं. वीज गेली तरी बॅटरीवर बंद करतं. वाऱ्याची खबर तुटली तरीही. शंका आली की मिटून घ्यायचं, असाच बनवलाय त्याला. मीच बनवून घेतलाय.”

भिंतीवरचा आकडा चौतीस झाला होता.

धाकटीने ती अर्धी कमांड एकेक अक्षर करून पुसली. मग तिने दुसरी वाट धरली. चित्रं बाजूला ठेवून नुसत्या अक्षरांच्या खिडकीतून ती वरच्या संगणकात शिरली. तिथे दार लगेच उघडलं. यंत्र जिवंत होतं, घुमटाचा प्रोग्रामही चालू दिसत होता. मग पडदा काळा का?

उत्तर लवकरच सापडलं. वरच्या यंत्रात एक सोडून दोन पडदे होते. एक खरा, माथ्यावरच्या टेबलावरचा, ज्यावर घुमटाचा प्रोग्राम चालत होता. आणि दुसरा, तिच्या जोडणीसाठी यंत्रानेच मांडलेला, कोरा, रिकामा. एका घरात दोन चुली, आणि ती चुकीच्या चुलीपाशी जाऊन बसली होती.

“वहिनी, मी चुकीचा पडदा बघत होते. आता खऱ्याला हात घालते. तुम्ही बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही. शिव्या द्या.”

“शिव्यांना जोर लागतो,” थोरली म्हणाली, आणि तिच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला.

खऱ्या पडद्याचं चित्र खाली पाठवणारा एक छोटा प्रोग्राम असतो. धाकटीने तो सुरू केला. तो तिथल्या तिथे पडला. परवानगीची फाईल लिहिता येत नाही, असं म्हणाला. दुसऱ्याच्या पडद्यात डोकवायचं तर त्या पडद्याची परवानगी लागते, आणि ती एका बारक्या फाईलमध्ये लिहिलेली असते. धाकटीने फाईल कुणाच्या नावावर आहे ते पाहिलं. बरोबर होती. अधिकार पाहिले. तेही बरोबर. आधीच्या कुणी कुलूप लावून ठेवलंय का ते पाहिलं. काही नव्हतं. पुन्हा चालवला, पुन्हा पडला.

अडतीस.

“सर, मला काही सुचत नाहीये,” ती म्हणाली, आणि आपण हे मोठ्याने बोललो हे तिला नंतर कळलं.

“मी काही बोलत नाही,” साहेब हळू म्हणाले. “तुम्ही करा.”

सगळं बरोबर असून लिहिता येत नाही, म्हणजे काय? वही बरोबर, पेन बरोबर, हात बरोबर, आणि तरी लिहिता येत नाही, कधी? कागदावर जागाच नसेल तेव्हा. तिने एक रिकामी फाईल बनवून त्यात एक अक्षर लिहायचा प्रयत्न केला. यंत्राने सरळ सांगितलं, जागा शिल्लक नाही.

डिस्क तुडुंब भरली होती. घुमटातल्या देखरेखीच्या कॅमेऱ्याने दर थोड्या वेळाने काढलेले फोटो साठून साठून त्यांनी कणभरही जागा ठेवली नव्हती. जुने फोटो पुसायचे, इतकंच. पण पुसण्याची कमांड कुणाला विचारत नाही आणि पुसलेलं परत देत नाही. भलत्या ठिकाणी चालली तर घुमटाचा प्रोग्रामच जायचा. धाकटीने ती लिहिली, आणि आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभ्या आहोत ते बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. मग दाबली.

तेवढ्यात मोबाईलमधून नुसतीच हवा घोंघावू लागली.

“वहिनी?”

उत्तर नाही.

“वहिनी! अहो वहिनी!”

“ओरडू नकोस,” थोरली म्हणाली. आवाज लांबून आल्यासारखा. “डोळ्यापुढे अंधारी आली. आता वारा आत यायला लागलाय.”

“डोकं कठड्याला टेकवा. झोपायचं नाही हं, काही झालं तरी.”

“मला कसली शिकवतेस, पोरी. तूच सकाळी तीन गजरांनी उठतेस.”

बोलता बोलता धाकटीने तो छोटा प्रोग्राम पुन्हा सुरू केला. या वेळी तो पडला नाही. तिने जोडणी केली, आणि काळ्या पडद्याच्या जागी माथ्यावरचा खरा पडदा उलगडत खाली उतरला. वर निळी पट्टी, मधे घुमटाचं गोल चित्र, कोपऱ्यात घड्याळ, आणि उजव्या बाजूला हिरवं बटण, ‘ऑटोमॅटिक’. साहेब काहीतरी म्हणाले, ते तिला ऐकू गेलं नाही. तिने बटण दाबलं.

प्रोग्रामने पासवर्ड मागितला.

हा पासवर्ड संगणकाचा नव्हता, घुमटाचा होता. तो फक्त घुमटाच्या प्रमुखाकडे असायचा, म्हणजे थोरलीकडे.

“वहिनी, पासवर्ड सांगा.”

पलीकडे शांतता.

“वहिनी, शुद्धीत आहात ना? पासवर्ड!”

“आहे शुद्धीत. पण तुला राग येईल.”

“अहो, तुमचा पाय यंत्रात आहे आणि तुम्ही माझ्या रागाचं काय घेऊन बसलात!”

“तू मागे नियम काढलास ना. मोठं अक्षर हवं, लहान हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, दर थोड्या दिवसांनी बदलायला हवा...” थोरलीने श्वास घेतला. “धाकटीची कटकट. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून. पहिलं अक्षर मोठं. मग ते ॲटचं चिन्ह. मग एक.”

टेबलावरच्या स्पीकरमधून साहेबांनी खोकल्यासारखं केलं.

धाकटीने टाइप केलं. पडद्यावर नुसते ठिपके उमटले. पासवर्ड चुकीचा आहे.

“चुकलं! वहिनी, पुन्हा सांगा.”

“तेच आहे. गेल्या आठवड्यात मीच ठेवलाय, विसरेन कशी? डोक्यात बसलेलंच होतं ते.”

तिने पुन्हा टाइप केलं, एकेक अक्षर मोजून. चुकीचा आहे. खाली लाल अक्षरं आली, आता एकच संधी उरली आहे, त्यानंतर प्रवेश काही काळ बंद.

एक्केचाळीस. कार्यालयाच्या खिडकीची काच वाजायला लागली. वारा आता पायथ्याशीही पोचला होता.

धाकटीने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. पासवर्ड बरोबर आहे. माझी बोटं बरोबर आहेत. मग वर काय पोचतंय? ठिपके कुणालाच काही सांगत नाहीत. पासवर्डची चौकट तशीच ठेवून तिने शेजारची कामाची नोंद लिहायची चौकट उघडली, जिथे अक्षरं दिसतात. तिथे तोच पासवर्ड टाइप केला. ‘धाकटीची’ बरोबर आलं. कटकट बरोबर आली. आणि ॲटच्या जागी आलं अवतरण चिन्ह.

वरच्या यंत्राला वाटत होतं की कीबोर्ड वेगळ्या देशाचा आहे. त्या मांडणीत ही दोन चिन्हं एकमेकांच्या जागी बसलेली असतात. धाकटीने अवतरण चिन्हाचं बटण दाबून पाहिलं. ॲट उमटलं.

“सापडलं,” ती म्हणाली. तिने नोंदीतलं सगळं पुसलं, पासवर्डच्या चौकटीत परत गेली आणि शेवटच्या संधीत कटकट लिहिली, या वेळी ॲटसाठी अवतरण चिन्हाचं बटण दाबून.

चौकट मिटली. हिरवं बटण मोकळं झालं. तिने दाबलं.

बटण हिरवंच राहिलं.

दाबून झालं नाही का? माउस हलत होता. तिने पुन्हा दाबायला बोट नेलं, आणि का कोण जाणे, नजर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली. घड्याळ थांबलेलं होतं. सेकंदाचा आकडा जिथे होता तिथेच.

म्हणजे ती जे बघत होती ते आताचं नव्हतं. वाऱ्याने माथ्यावरचा रेडिओचा खांब हलत असणार आणि चित्र मधेच अडकलं असणार. माउस हलतो तो इथल्या इथे. तिचं बटण वर पोचलं की नाही, हे पडदा सांगणार नव्हता. आणि ते बटण एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू. पहिलं दाबणं पोचलं असेल आणि तिने दुसऱ्यांदा दाबलं, तर आपल्या हाताने ती घुमट सुरू करून देणार होती. पोचलं नसेल आणि नाही दाबलं, तर वारा सुरू करणार होता.

चव्वेचाळीस.

“काय झालं?” साहेब म्हणाले. “झालं का बंद?”

“थांबा!” धाकटी त्यांच्यावर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदाच. “वहिनी, ऐका. मान वळवा. दारावरचा पिवळा दिवा. दिसतोय?”

“डोळ्यांत धूळ गेलीय.”

“पुसा. बघा. लागलाय का विझलाय? अंदाजाने सांगू नका.”

फोनमध्ये वारा किंचाळत होता. कापड फडफडल्याचा आवाज आला, मग काहीतरी पत्र्यावर आपटलं. धाकटीचं बोट बटणाच्या वर हवेत होतं. तिने ते दुसऱ्या हाताने धरून मागे ओढलं.

“लागलाय,” थोरली म्हणाली.

“नक्की?”

“पिवळाधमक. लागलाय गं.”

भिंतीवरचा आकडा सत्तेचाळीस झाला. मग एक्कावन्न. माथ्यावर, उघड्या आभाळाखाली, घुमट जागच्या जागी उभा राहिला.

मग गारा आल्या. त्या धाकटीने फोनमधूनच ऐकल्या, पत्र्यावर खडी ओतल्यासारख्या.

“आरशावर झाकण आहे?” साहेबांनी विचारलं. त्यांची अख्खी नोकरी त्या दुर्बिणीच्या आरशाभोवती गेली होती.

“आहे,” थोरली म्हणाली. “पण पाणी कडेने आत जाणार, सर. झडपा सताड उघड्या आहेत.”

“जाऊ दे,” साहेब म्हणाले. जरा वेळाने परत म्हणाले, “जाऊ दे.”

संकट टळलं होतं, पण पाय दात्यांतच होता. थोरली थंडीने कुडकुडायला लागली, आणि कुडकुडली की घोट्यातून कळ मस्तकात जायची. मग तिचं डोकं चालू लागलं.

“आता कारभार तुझ्या हातात आहे ना? मग घुमट डावीकडे फिरव. बोटभर. माझा पाय सुटेल.”

“नाही.”

“नाही काय? मी सांगतेय. घुमट माझा आहे, दाते कुठे आहेत ते मला दिसतंय.”

“तुम्हाला दिसतंय, मला नाही दिसत,” धाकटी म्हणाली. “माझं चित्र अडकतंय. फिरवायचं बटण दाबून धरावं लागतं आणि सोडलं की घुमट थांबतो. मी सोडलं आणि ते सोडणं वर पोचलंच नाही तर? तो फिरत राहील.”

“नाही राहणार.”

“मला खात्री नाही. मी करणार नाही.”

“हट्टी आहेस!” थोरली किंचाळली. दुखण्यापोटी किंचाळली, पण शब्द खरे होते. “घर बघताना विचारलं नाहीस, आता सांगतेय तर ऐकत नाहीस!”

साहेबांनी हळूच फोन ठेवला. बहुधा त्यांना कळलं की इथे आता आपलं काम नाही.

धाकटीने मोबाईल जवळ ओढला. “विचारायची भीती वाटत होती.”

“माझी? मी काय खाते तुला?”

“तुम्ही लगेच हो म्हणाला असतात. ‘जा, सुखी राहा’ म्हणाला असतात आणि मग रात्रभर स्वयंपाकघर घासत बसला असतात. नाही म्हणालात तर निदान भांडता तरी येतं.”

पलीकडे गारांचा आवाज कमी होऊन पाऊस ऐकू यायला लागला होता.

“घासलंच असतं,” थोरली म्हणाली. “ओटा चिकट झालाय तसाही.”

ड्रायव्हरकाका पोचेपर्यंत दोघी बोलत राहिल्या. काय बोलल्या ते नंतर दोघींनाही धड आठवलं नाही. नव्या घराची दक्षिणेची भिंत ओल धरते, हे थोरलीला माहीत होतं असं निघालं. थोरलीचा नवरा घोरतो हे भिंतीपलीकडे ऐकू जातं, हेही निघालं. मधेमधे थोरली गप्प व्हायची. मग धाकटी तिला काहीतरी टोचून बोलायची, आणि ती चिडून जागी व्हायची.

अखेर फोनमधून दार आपटल्याचा आवाज आला आणि काकांची हाक. त्यांनी आधी लाल बटण दाबून मोटरची वीज तोडली. मग थोरलीने वरून सांगितलं त्याप्रमाणे भिंतीवर टांगलेली लोखंडी मूठ मोटरला लावून, हाताने, केसाकेसाने घुमट डावीकडे सरकवला. पाय सुटला तेव्हा थोरलीची शुद्ध हरपली, आणि काकांनी एकट्याने, एका हाताने शिडी धरत, तिला पाठीवरून खाली आणलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने ते कसं केलं, हे त्यांना स्वतःलाही सांगता येईना.

घोटा दोन ठिकाणी मोडला होता, पण पाय वाचला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून पट्टी आणि स्क्रू बसवले. आरशावर पाणी जाऊन त्याची चकाकी डागाळली, त्यावर नव्याने थर द्यावा लागणार होता, आणि दुर्बीण बरेच महिने आंधळी राहणार होती. वरिष्ठांकडून विचारणा झाली तेव्हा साहेबांनी एका ओळीत कळवलं, घुमट उघडा ठेवण्याचा निर्णय माझा होता. सज्जाच्या पूर्ण लांबीभर एक दोरी लावायचं ठरलं, कुठूनही ओढली की मोटर बंद. तिचा नकाशा थोरलीने खाटेवर पडल्या पडल्याच काढला, आणि ड्रायव्हरकाकांना दाखवून दोनदा बदलला.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी धाकटी दवाखान्यात गेली. दोघे भाऊ बाहेर औषधांच्या रांगेत होते. थोरली उशाला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, आणि केस ग्रीस, धूळ आणि पाऊस मिळून दोरखंडासारखे झालेले.

“नर्सबाई म्हणतात कापून टाकू,” थोरली म्हणाली. “मी म्हटलं, हात लावून बघा.”

धाकटीने पिशवीतून कंगवा आणि तेलाची बाटली काढली, खाटेच्या मागे उभी राहिली आणि टोकापासून गुंता सोडवायला लागली. पहिल्या ओढीलाच थोरली कळवळली.

“हळू गं.”

“हलू नका.”

खिडकीतून दवाखान्याच्या आवारातल्या सायकली दिसत होत्या.

“रविवारी सामान हलवणार होतात ना?” थोरलीने विचारलं.

“पुढे ढकललंय.”

“कशाला?”

“तुम्हाला असं टाकून?”

“मला टाकलं कुठे, दोन गल्ल्यांवर तर आहे. रविवारीच हलवा,” थोरली म्हणाली. “पाय मोडलाय माझा, जीभ नाही मोडली. मी खुर्ची टाकून दारात बसते. कपाट कुठल्या बाजूने आत न्यायचं ते सांगायला तिथे कोणीतरी शहाणं माणूस लागेल.”

धाकटीने एक गाठ बोटांत धरली, कंगव्याने हळूहळू सोडवली आणि पुढची हातात घेतली.